शून्य चुकांचे तेवीस दिवस

सोमवार, ६ जानेवारी २०२५
इंदापूर

चाकणची नोकरी सोडली तेव्हा ज्याने त्याने विचारलं, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून एकदम द्राक्षांत कशी? आज पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं. इथे सगळंच करायचं बाकी आहे.

पॅकहाऊस बावड्याच्या रस्त्याला, शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं. साडेचारशे बागायतदार सभासद. बागेतून द्राक्षं येतात, बायका कात्रीने खराब मणी काढतात, वजन करून पेट्या भरतात, पेटीवर बागेच्या नंबराचं लेबल लागतं. मग पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत एक अंशावर थंड होतात आणि कंटेनर परदेशी जातो. गेल्या वर्षी लेबलांवर भलत्याच बागेचा नंबर गेला आणि एक अख्खा कंटेनर तिकडून परत आला. म्हणून मला घेतलं.

अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "म्याडम, आमच्याकडं मानसं लई चांगली हायेत. पन पद्धत न्हाय. ती तुमी बसवा."

माझं वय एकोणतीस. बसवते म्हणाले.

शुक्रवार, १० जानेवारी

चार दिवस स्टॉपवॉच घेऊन फिरतेय. आज जे पाहिलं त्यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या बागेची गाडी उतरायला लागली की टेबलांवर देखरेख करणाऱ्या सरुबाई ओरडतात, "बाग बदलली गं!" ते ऐकून कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेली प्रगती नंबर बदलते आणि नव्या नंबराची लेबलं छापायला घेते. बस्स. एका बाईच्या घशावर परदेशी व्यापार चाललाय. सरुबाईंचा आवाज बसला तर?

शेवटच्या टेबलावर फुलाबाई आहेत, साठीच्या पुढच्या, प्रगतीची सख्खी आत्या. पेटी बंद करायच्या आधी त्या वाकून बघतात. काय बघता विचारलं तर म्हणाल्या, "ही तळ्याकडल्या बागंची न्हाय. वरल्या अंगाची हाय. देठ बघा की." मला दोन्ही घड सारखेच दिसले. इथे काम असं अंदाजाने चालतं.

बुधवार, २२ जानेवारी

कार्यपद्धती लिहून झाली. सत्तेचाळीस पानं. एकही पायरी कुणाच्या आठवणीवर किंवा आवाजावर सोडलेली नाही. बाग बदलली की फॉर्म भरायचा, त्यावर क्वालिटीच्या साहेबांची सही, मग माझी सही, मगच प्रगतीने नंबर बदलायचा. फॉर्म नाही तर बदल नाही. पेट्या पुढे नेणारा बेल्ट माझ्या परवानगीशिवाय थांबणार नाही. प्रीकूलिंगचे पंखे आजवर दीपक हाताने सुरू करायचा, आता टायमर लावलाय. दुपारी एक दहाला दार बंद, एक दहालाच पंखे सुरू. दार लावायला तो नऊ मिनिटं घ्यायचा. आता तीन लागतील.

शनिवारपासून लागू. आबासाहेबांनी वही हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, "मोप लिवलंय की!" वाचली नाही बहुतेक.

गुरुवार, ३० जानेवारी

सरुबाई केबिनमध्ये आल्या. उभ्यानेच बोलल्या. "म्याडम, गाडी उतरती आनि तुमचा कागद यायला तास लागतोय. तुमी मीटिंगात असता. तवर लेबल जुन्याच बागंचं पडतंय. माल थांबवावा तर द्राक्षं नरमत्यात."

मी म्हटलं, अडचण असेल तर सूचनांचा फॉर्म आहे, त्यात लिहा, महिनाअखेरीला एकत्र विचार करू.

"मला लिवता येत न्हाय."

"मग प्रगतीकडून लिहून घ्या."

त्या आपल्या कामाला गेल्या. चाकणलाही नव्या पद्धतीला पहिले पंधरा दिवस असाच विरोध व्हायचा. नंतर सगळे रुळतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रुळले! पंधरा दिवसांत लेबलाची एकही चूक नाही. कंटेनरमध्ये माल चढवण्यापूर्वी शंभर पेट्या उघडून लेबलावरचा नंबर बागांच्या नोंदवहीशी पडताळतात. सगळे बरोबर. दारापाशी फळा लावलाय, त्यावर मोठ्या आकड्यात रोज लिहिते: "शून्य चुकांचा दिवस पंधरावा."

संचालकांना मेल केला. आबासाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरुबाईंनी नाही वाजवल्या, त्यांच्या हातात कात्री होती.

गरज पडल्यावर फॉर्मही पटापट येतात. गेल्या आठवड्यात तर कुणी घाईसुद्धा केली नाही, संध्याकाळी गठ्ठ्याने सह्या घेऊन गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

किरकोळ गोष्ट, पण खटकली. काही पेट्यांच्या कोपऱ्यावर मार्करचा निळा ठिपका दिसतो. विचारलं तर सगळ्या माना खाली घालून कात्र्या चालवायला लागल्या. फुलाबाईंच्या कमरेला निळा मार्कर खोचलेला होता. पेटी खराब करू नये अशी समज दिली. "व्हय म्याडम" म्हणाल्या.

जेवायच्या सुट्टीत त्या बायकांत बसत नाहीत. डबा तसाच ठेवून कुठेतरी जातात. वय झालंय, आडोशाला पाठ टेकत असतील.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फुलाबाई जिवंत आहेत. बारामतीला नेलंय. एवढंच लिहिते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पोलिसांना जबाब दिला, तो दीड पानात बसला. इथे सगळं लिहिते.

जेवायची सुट्टी साडेबारा ते सव्वा. एक पस्तीसला सरुबाई केबिनमध्ये आल्या. "म्याडम, फुलाबाई टेबलावर न्हाय."

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. म्हणाले, "येतील. बाथरूमला गेल्या असतील."

"तितं बगितलं. सुट्टीपासनं न्हाय ती. जरा बेल्ट थांबवा, आमाला बगू द्या."

यावर मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते बदलता येणार नाही. मी म्हणाले, "सरुबाई, एका बाईसाठी बेल्ट थांबत नाही. टेबलावर जा."

त्या गेल्या. मी मेल लिहीत बसले. मेलचा विषय होता चोविसावा दिवस.

दोनला दोन मिनिटं असताना आवाज थांबला. बेल्टची घरघर इतकी सवयीची झालीय की थांबल्यावर कानाला काहीतरी लागल्यासारखं झालं. मी चिडून बाहेर आले. "कुणी थांबवला?"

सरुबाईंचा हात अजून लाल बटणावर होता. "मी."

मी पुढे काही बोलणार तोच प्रगती खुर्ची मागे ढकलून किंचाळली, "आत्या आत हाय! थंड खोलीत! अगं बाई, ती आतच ऱ्हायली!"

दीपक किल्ली घेऊन धावला. दार उघडलं तेव्हा पंख्यांचा वारा थोबाडीत मारल्यासारखा आला. दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत अंधार. पेट्यांच्या तिसऱ्या रांगेमागे फुलाबाई कुशीवर पडल्या होत्या. पाय विचित्र वळलेला. फरशी ओली, लुगडं ओलं. डोळे उघडे होते पण ते आमच्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, संपलं. मी दारातच उभी राहिले. बायका मला ढकलून आत गेल्या, त्यांनी आपापल्या ओढण्या आणि पदर तिच्यावर टाकले, सरुबाई तिच्या अंगावर अक्षरशः आडव्या झाल्या आणि तिच्या कानात ओरडत राहिल्या, "फुला, ए फुला, बोल की गं!"

इंदापूरच्या डॉक्टरांनी तात्पुरती ऊब देऊन लगेच बारामतीला पाठवलं. मांडीचं हाड मोडलंय. अंधारात दाराकडे पळताना पाय घसरला असणार. पडल्यावर उठता आलं नाही. मूठ घट्ट आवळलेली होती. नर्सने एकेक बोट उलगडून आतलं काहीतरी ट्रेमध्ये टाकलं. काय होतं ते मी बघितलं नाही.

पंखे लागल्यापासून दार उघडेपर्यंत पन्नास मिनिटं होतात. त्यातली पंचवीस सरुबाई मला सांगून गेल्यानंतरची आहेत.

दीपकने जबाबात सांगितलं, "नियमाप्रमाणे एक दहाला दार लावलं. आत गेलो नाही, नियमात नाही." ऐकताना मला कळलं की पूर्वीच्या नऊ मिनिटांत तो काय करायचा. तो आत फिरायचा, रांगांमागे बघायचा, हाक मारायचा, मग बाहेर येऊन दार लावायचा. मी त्याला वेळ लागतो एवढंच मोजलं होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

फळ्यावरचा आकडा अजून तसाच आहे, तेवीस. कुणी पुसला नाही. मीही नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रगती आली. रडून रडून डोळे सुजलेले. टेबलावर चुरगळलेला, वाळलेला कागद ठेवला. लेबलांची पट्टी. आत्याच्या मुठीतली.

मला कळेना. म्हटलं, हे काय?

तिने मला प्रीकूलिंगच्या खोलीत नेलं. सोमवारपासून अडकून पडलेल्या मालातली एक पेटी पुढे ओढली. कोपऱ्यावर निळा ठिपका. नखाने लेबलाची कड उचलली आणि हळूहळू सोललं. खाली दुसरं लेबल होतं. जुन्या बागेचं. चुकीचं.

तिने दुसरी पेटी ओढली. तिसरी. मी म्हणाले, पुरे. मग मीच चौथी सोलली, पाचवी सोलली.

"कागद येईपातर लेबल चुकीचंच पडायचं, म्याडम. आत्याला घड बघून कळतं कुठली बाग. ती ठिपका द्यायची. मी बरोबर लेबलं छापून ठेवायची, पन मला खुर्ची सोडता येत न्हाय. म्हनून ती सुट्टीत आत जाऊन चिकटवायची. एक वाजायच्या आत बाहेर यायची. त्या दिवशी दोन बागा बदलल्या, पेट्या जास्त हुत्या. कोपऱ्यातनं मला तिचं टेबल दिसत न्हाय, बेल्ट थांबला तवा कळलं."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मला का नाही सांगितलं?"

प्रगतीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "सांगितलं हुतं की. सरुबाई आलती. तुमी म्हनाला, फॉर्म भरा."

प्रगतीनेच दंडाला धरून बाहेर आणलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आबासाहेबांनी बोलावलं. अपघाताचा अहवाल हवाय, परदेशी खरेदीदाराचा माणूस तपासणीला येतोय. त्यांना लेबलांचं अजून माहीत नाही. मी सांगितलं नाही.

ते म्हणाले, "तुमच्याच वहीत हाय, पान नऊ. परवानगीबिगर थंड खोलीत गेल्यास जबाबदारी ज्याची त्याची. तेवढंच लिवा. फुलाबाईचा दवाखाना कंपनी बगंल, ती आमची मानूस हाय. पन कागदावर चूक कंपनीची दिसली तर पुढचा माल अडकंल. साडेचारशे घरं हायेत, म्याडम."

त्यांचा आवाज वाईट नव्हता. थकलेला होता. आणि पान नऊ मीच लिहिलंय.

मी अहवाल लिहिला. "संबंधित महिला कामगार विनापरवाना शीतगृहात शिरल्याने..." लिहिताना हात अडखळला नाही, हे इथे नोंदवते.

रविवार, २३ फेब्रुवारी
वडगाव निंबाळकर

सकाळी बारामतीला दवाखान्यात गेले. फुलाबाईंचं ऑपरेशन झालंय. कॉटवर त्या इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी शेजारच्या कॉटकडे गेले.

काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. तोंड उघडायच्या आतच त्यांनी सलाईन नसलेला हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. तो हात गरम होता. म्हणाल्या, "म्याडम, माज्यामुळं तुमचं शून्य बिघडलं. येवडं फळ्यावर लिवलं हुतं तुमी."

त्या माफी मागत होत्या. माझी.

मी पाण्याची बाटली सरळ करून ठेवली आणि बाहेर आले. जिन्यात बसले. एक माणूस विचारून गेला, "ताई, कुणी गेलं का तुमचं?"

तिथून घरी आले. आई गोठ्यातलं आवरून बसली होती. मी तिला अहवाल वाचून दाखवला. का, ते मलाही माहीत नाही. आई चौथी शिकलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ही संबंधित महिला म्हंजे कोन?"

"फुलाबाई."

"मग तसं लिव की."

मी "फुलाबाई" असं लिहून वाक्य पुन्हा वाचलं. फुलाबाई विनापरवाना शिरल्या. नाव घातल्यावर ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना. कागद फाडला. आई म्हणाली, "जेव आता."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संचालक मंडळाची बैठक झाली. मी एक पेटी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर लेबल सोललं.

आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किती पेट्या अशा?"

दोन दिवस बसून बागांची नोंदवही आणि प्रगतीने छापलेल्या लेबलांची यादी लावून पाहिली होती. "रोजच्या दीडशे-दोनशे. आणि एकही नंबर चुकलेला नाही. फुलाबाईंनी ओळखलेली प्रत्येक बाग नोंदवहीशी जुळते. फळ्यावरचं शून्य खरं होतं. फक्त ते माझं नव्हतं. माझ्या पद्धतीने रोज दीडशे चुका केल्या आणि एका बाईने उपाशीपोटी थंडीत उभं राहून त्या दुरुस्त केल्या."

सरुबाई आल्या होत्या आणि मी त्यांना परत पाठवलं, हेही सांगितलं.

एक संचालक म्हणाले, हिला आजच काढा. दुसरे म्हणाले, खरेदीदाराला कळलं तर? मी म्हणाले, मी त्याला सांगणारच आहे. आबासाहेब इतक्या जोरात उठले की खुर्ची पडली. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता झालं. मी बॅग उचलली.

"कुठं निगाला?" ते मागे न वळता म्हणाले. "बसवली तशी उसवा आता. शिजन संपायच्या आत."

(८ मार्चला जोडलेली ओळ: खरेदीदाराच्या माणसाने दोन कंटेनर अडकवले, आठ दिवस प्रत्येक पेटी तपासली आणि सोडले.)

शनिवार, ८ मार्च

पाच दिवस मी चौथ्या टेबलावर उभी आहे, कात्री घेऊन. सरुबाईंनी अट घातली: "आदी काम करा, मग वही लिवा." बोटांना चिकाने भेगा पडल्यात. माझ्या टेबलाचं काम सगळ्यांत मागे. बायका हसत नाहीत, ते जास्त लागतं.

उभं राहिल्यावर जे दिसतं ते स्टॉपवॉचमध्ये दिसलं नव्हतं. गाडी उतरायच्या आधीच सरुबाईंना कळतं की बाग बदलणार, ड्रायव्हर बघून. म्हणजे लेबल बदलायची वेळ गाडी दारात आल्यावर सुरू होत नाही, गाडी वळणावर दिसल्यावर होते. हे सत्तेचाळीस पानांत कुठेच नव्हतं.

नवी पद्धत फळ्यावर खडूने लिहिलीय. छापायची नाही असं ठरलं. दर गुरुवारी जेवणानंतर अर्धा तास बेल्ट बंद, सगळ्यांनी फळ्यासमोर बसायचं, जे जमलं नाही ते पुसायचं, नवीन लिहायचं, आठवडाभर करून बघायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्या बोलतात, प्रगती लिहिते. लाल बटण कुणीही दाबावं, कारण नंतर सांगावं. बाग बदलली की सही नाही, फक्त सरुबाई आणि प्रगती यांनी एकमेकींना नंबर मोठ्याने म्हणून दाखवायचा. आणि दीपकने दार लावण्याआधी दारातून तीन हाका मारायच्या. टायमर तेवढा ठेवलाय, त्याने वीज वाचते, माल वेळेत थंड होतो.

शुक्रवार, २१ मार्च

आबासाहेब फळा बघून हादरले. "म्याडम! एकतीस चुका? आटवड्यात?"

"आधीपण होत्या, आबासाहेब. आता दिसतात."

"आनि बेल्ट बाविसदा थांबला?"

"पहिल्या आठवड्यात चाळीसदा थांबला होता."

मग त्यांनी काल लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून सरुबाईंना विचारलं, हे काय. सरुबाईंनी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं, हातातली कात्री हलवत. अध्यक्ष मान हलवत ऐकत होते. असं दृश्य मी इथे पाहिलं नव्हतं.

आज पहिल्यांदा मला वाटलं, झालं. नीट बसलं.

शनिवार, २९ मार्च
बावडा

फुलाबाईंना घरी आणून दोन आठवडे झाले. आज उद्याच्या पाडव्याच्या निमित्ताने साखरेची माळ घेऊन गेले.

भर उन्हात, अंगणात, त्या खुर्चीवर बसल्या होत्या. दुपारचे दोन. अंगावर घोंगडी. सूनबाई म्हणाली, "सावलीत येतच न्हाईत. घरातला पंखापन लावू देत न्हाईत. घुर्र झालं की थरथरायला लागत्यात. आमी सगळी घामाघूम झोपतो."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. डोकं तापलं, पण सावलीत सरकावंसं वाटेना.

म्हटलं, फुलाबाई, तुम्ही परत याल का? बसून करायचं काम आहे. नव्या मुलींना बागा ओळखायला शिकवायच्या.

"न्हाय म्याडम. भ्या वाटतं." मग घोंगडी सावरत म्हणाल्या, "पोरींना हिकडं पाठवा. घड घेऊन. शिकवीन मी."

मग मी त्यांना नवी पद्धत वाचून दाखवली. फळ्यावरून वहीत पेन्सिलीने उतरवून नेली होती. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. लेबलाच्या ओळीवर मान हलवली. मी पुढे वाचलं, "दार लावण्याआधी दीपकने दारातून तीन हाका माराव्यात."

त्यांनी डोळे उघडले. "त्या दिवशी मारल्या हुत्या की त्यानं."

"काय?"

"तीन हाका. परवा हितं येऊन रडून गेला पोरगा. म्हनला, आत्या, मला यायला उशीर झाला, पंखे लागले हुते, दारात उभा ऱ्हाऊन तीनदा वरडलो. मला न्हाय आलं ऐकू. पंख्यापुढं काय ऐकू येतंय? मी तितंच हुते, रांगंच्या मागं."

मी विचारलं, मग त्याने जबाबात का नाही सांगितलं?

"तुमच्या नियमात न्हवतं म्हनं हाक मारायचं."

दीपक तेव्हाही घाबरला होता. नंतरच्या तीन गुरुवारी तो फळ्यासमोर बसला, ही ओळ प्रगतीने त्याच्यासमोर लिहिली, मी त्याच्याकडे बघून हसले, आणि तो अजूनही बोलला नाही. मी समजत होते की इथे आता सगळे बोलतात.

आणि टायमर. तो एक दहाला पंखे सुरू करतोय. आजही केले असतील.

सोमवार, ३१ मार्च

पाडव्याची सुट्टी होती. आज सकाळी सगळ्यांत आधी दीपकला गाठलं. रागावले नाही. म्हटलं, चल, बघू.

त्याला कळलं. मान खाली घालून म्हणाला, "म्याडम, मी सांगनार हुतो."

पेट्यांच्या तिसऱ्या रांगेमागे जाऊन उभी राहिले. जाकीट घातलं होतं, सरुबाईंनी वरून त्यांची शाल गुंडाळली. त्या दारात लाल बटणावर हात ठेवल्यासारख्या उभ्या राहिल्या, पंख्यांच्या खटक्यावर हात ठेवून. दीपकला सांगितलं, पंखे लाव, मग दारातून हाक मार. माझी ओ आली की थांब.

पंखे लागले. आवाज आधी कानात आणि मग छातीत शिरला. दोन मिनिटांनी दात वाजायला लागले. मी कान देऊन उभी होते. मला माहीत होतं हाक येणार आहे, कुठल्या बाजूने येणार तेही माहीत होतं. अंगातला सगळा जीव कानात आणून ऐकत होते.

पंखे थांबले. दीपक रांगेमागे धावत आला. चेहरा पांढरा.

"हाक मार ना," मी म्हटलं. "कधी मारणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"सात मारल्या, म्याडम."